माळेवाडीचं वजन

सुमंत गुरुजींनी एकदा मनावर घेतलं की ते ब्रह्मदेवाचंही ऐकत नसत. खर्ड्याच्या दवाखान्यातल्या प्रेमला डॉक्टरीणबाईंना त्यांनी छातीठोकपणे सांगून टाकलं, सहा महिन्यांत अख्खी माळेवाडी निरोगी करून दाखवतो! नुसत्या गोळ्यांवर त्यांचा भरवसा नव्हता. शरीर, मन आणि मोरी ही तिन्ही एकदम साफ व्हायला हवीत, असं त्यांचं म्हणणं. बाई म्हणाल्या, आधी लेकरांची वजनं दर महिन्याला लिहा. ती वाढली तर दर गुरुवारी मी स्वतः गावात येईन. गावाला ते हवंच होतं. आजारी लेकरू घेऊन खर्ड्यापर्यंत पाच कोस चालावं लागे, आणि मागल्या साली दोन लेकरं वाटेतच गेली होती.

गुरुजींनी कंबर कसली. मोऱ्यांचं पाणी शोषखड्ड्यात गेलं, खड्ड्याकाठी पपई लागली, मन निर्मळ राहावं म्हणून रोज संध्याकाळी भजन सुरू झालं. पेटी कुणी वाजवायची यावरून दोन भावकींचं बोलणं बंद झालं, ते सोडा. आसाराम आडत्याचा कांद्याच्या गोण्या तोलायचा काटा मारुतीच्या देवळात टांगला. बायका आत, गुरुजी वही घेऊन भिंतीबाहेर. गावानं आरोग्याच्या कामाला नेमलेली राहीबाई आतून आकडा ओरडायची.

पहिल्या महिन्यात चौदा घरची चौदा लेकरं, आणि सगळी चार किलोंच्या आसपास! गुरुजींनी प्रत्येक आकड्याखाली तांबडी रेघ मारली. पण पुढं दर महिन्याला ती सगळी बरोबरीनं वाढत गेली आणि पाचव्या महिन्यात साताला पोचली. गुरुजी भेटेल त्याला सांगू लागले, आरोग्य एकट्यादुकट्याचं नसतंच मुळी, गाव एकजीव झालं की हे असं होतं.

सहाव्या महिन्यात बाईंची जीप आली. देवळात काटा होता, बायका होत्या, लेकरू एकही नव्हतं. गुरुजींनी राहीबाईला फैलावर घेतलं. ती सगळं ओकली. तोललेल्या लेकराला दृष्ट लागते, म्हणून धडधाकट पोर कुणीच काट्यात घालीना. लंकाबाईचा कानिफ मात्र नुसता हाडांचा सापळा. त्याला कोण दृष्ट लावणार? दुष्काळी कामावर खडी फोडून लंकाबाईचं दूध आटलेलं. मग चौदाही जणींनी आळीपाळीनं तोच नेला आणि तोच तोलला.

"मग त्याचं वजन वाढलं कसं?" बाईंनी विचारलं.

"आवो बाई, शेजारनीचं भांडं बी आपन रिकामं माघारी देत न्हाई," राहीबाई म्हणाली. "लेकरू कसं द्यायाचं? ज्या घरी गेलं तितं पोटभर पाजूनच धाडलं. मंग सवयच पडली. रोज कुनी ना कुनी न्यायचीच."

गुरुजींना धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. गेला गुरुवार, गेला दवाखाना! बाईंनी लंकाबाईला बोलावून घेतलं. ती आली, पदराखाली गुटगुटीत कानिफ, गालावर रुपयाएवढी काजळाची तीट. बाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. त्यांना हसू येत होतं आणि डोळ्यांत पाणीही. हे पोर पावसाळा बघत नव्हतं, त्या म्हणाल्या, चौदा घरांनी ते वाचवलं. अशा गावात मी येणार नाही तर कुठं जाणार? गुरुवार पक्का. फक्त खोटी वही त्यांना चालणार नव्हती. आजच्या तारखेला निदान एक तरी खरं वजन लिहा, एवढंच त्यांचं मागणं होतं.

गुरुजींनी आशेनं कानिफकडे हात पुढं केले. लंकाबाई दोन पावलं मागं सरली.

"आता न्हाई जी. बाळसं धरलंय त्यानं."

बाकीच्या बायका भिंतीकडे बघू लागल्या. लंकाबाईनं गुरुजींना शेंडीपासून वहाणेपर्यंत नीट न्याहाळलं.

"गुरुजी, तुमीच बसा की. तुमाला कोन दृष्ट लावतंय?"

गुरुजी मुकाट्यानं धोतर सावरून पारड्यात बसले. बेचाळीस किलो भरले, चष्म्यासकट.