काकांनी प्रेशर उतरवलं

आत नुसतं डोकावायचं, हात काही लावायचा नाही, असं ठरवून काटेकाकांनी ब्लडप्रेशर मोजायच्या यंत्राची काच काढली. (डोकावण्यासाठी जो माणूस हातात स्क्रूड्रायव्हर घेतो, तो पुढं काय करणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.)

काटेकाका म्हणजे बाजारातले वजनकाटे दुरुस्त करणारे. चाळीस वर्षं हाच धंदा. वाण्याचा असो की भंगारवाल्याचा, काटा त्यांच्या हातात आला की सरळ झालाच पाहिजे. माणूस एक म्हणतो आणि काटा दुसरंच दाखवतो, तर काटाच खोटा, हे त्यांचं ठाम मत. आणि हा काटा त्यांचं प्रेशर एकशे शहात्तर दाखवत होता.

यंत्र मुलीनं आणून दिलेलं. ती परगावी नर्स. कानाला नळ्या लावून मोजायचं कसं ते तिनं आईला शिकवलं आणि बापाला दम भरला. रविवारी येते, वरचा आकडा एकशे चाळीसच्या खाली नसेल तर दुकानाला कुलूप आणि तुम्ही माझ्या घरी.

दुकान म्हणजे जेमतेम चार पावलांची खोली. पण तिथं बसून दिवसभर भांडता यायचं. गिऱ्हाइकाशी एखादी चकमक झडल्याशिवाय काकांना जेवण पचत नसे. उलट मुलीच्या घरी जावई. तो इतका गोड की शिवी दिली तरी थँक्यू म्हणेल. अशा घरात माणूस किती दिवस काढणार?

तेव्हा काकांनी यंत्रातला काटा उपटला, चाळीस घरं मागं बसवला आणि शून्यापाशी एक बारीक खिळा ठोकला, म्हणजे काटा त्याला टेकून शहाण्यासारखा उभा राहील. काच लावली. काम इतकं सफाईदार की स्वतःलाच शाबासकी द्यावीशी वाटली.

शुक्रवारी सकाळी काकूंनी मोजलं. एकशे छत्तीस. पुन्हा मोजलं. तेवढंच. हे कसं झालं म्हणून विचारलं, तर मी राग सोडलाय असं काकांनी तोंड वर करून सांगितलं. काकूंनी आनंदानं मुलीला फोन लावला.

इथवर झकास. पण नवऱ्याचा आकडा बघून काकूंना हौस आली. त्यांनी पट्टा आपल्या दंडाला गुंडाळला.

चौऱ्याऐंशी.

त्याआधी पाच मिनिटं या बाईनं दोन बादल्या धुणं पिळलं होतं. चौऱ्याऐंशी दिसले आणि तिचे पाय लटपटायला लागले. हात गार, डोळ्यांपुढं अंधारी. दुपारी तिनं अंथरूण धरलं. शेजारीण मीठ-साखरेचं पाणी घेऊन आली आणि प्रेशर नव्वदवर येऊन गेलेल्या आपल्या मावससासूची हकिगत ऐकवून गेली. (आजाऱ्याला भेटायला येणाऱ्यांना आधी दारातच पाणी पाजून परत पाठवावं.) शनिवारी काकूंचं बोलणं पुटपुटण्यावर आलं.

"अहो, कपाटाची किल्ली पिठाच्या डब्यामागं असते. लक्षात ठेवा."

"तुला काही झालेलं नाही. त्या यंत्राचं काय खरं धरतेस?"

"तुमचं बरं दाखवलं तेव्हा खरं होतं ते?"

 तरीही काकांनी कळ काढली. रविवार उजाडू दे, मुलीला आकडा बघू दे, मग बघू. (पुरुषाची जात. दुसरं काय.)

रविवारी सकाळी त्यांनी चहा केला. काकूंनी उशाला टेकून तो निमूट प्यायला. पाणचट म्हणाल्या नाहीत, साखर कमी म्हणाल्या नाहीत. लग्न झाल्यापासून त्यांनी काकांच्या चहाला पहिल्यांदाच नाव ठेवलं नव्हतं.  तेव्हा मात्र काका तिच्या पायाशी बसले.

"यंत्रात मी खिळा ठोकलाय."

"कुठं?"

"शून्यापाशी. चाळीसनं कमी दाखवतंय. तुझं एकशे चोवीस आहे, अगदी नव्या नवरीसारखं."

काकू उठून बसल्या. गालांवर रंग आला, गार हात गरम झाले, आणि दोन दिवस मान उचलता न येणाऱ्या त्या बाईनं उशी अशी नेम धरून मारली की काकांचा चष्मा दारापर्यंत गेला. दारात मुलगी उभी.

काकूंनी एका दमात सगळं सांगितलं. मुलीनं पिशवीतून स्वतःचं यंत्र काढलं. आईचं एकशे चोवीस. मग बापाला बसवलं. काकांच्या छातीवरचं दगडाएवढं ओझं नुकतंच उतरलं होतं. इतकं हलकं त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

एकशे अडतीस.

"बघ," काका म्हणाले. "एकशे चाळीसच्या आत."

मायलेकींनी एकमेकींकडं पाहिलं.

"बाबा, माझी पिशवी दाराशी होती तेव्हा तुम्ही कुठं होता?"

"दाराशीच. चष्मा शोधत होतो."

मुलीनं यंत्र उलटंपालटं करून पाहिलं, कानाशी हलवलं. काकांनी हात लावला नसल्याची शपथ घेतली. पुन्हा मोजलं, एकशे चोपन्न. काकांचे कान लाल झाले. माझ्याच घरात मला चोर ठरवता का, म्हणून ते कडाडले. तिसऱ्यांदा मोजलं, तर काटा एकशे ऐंशीवर जाऊन थरथरत राहिला.

"हं," काकू समाधानानं म्हणाल्या, "आता बरोबर दाखवतंय."