शांतता राखा, वाघ येत आहे

जंगलात मी नुसतं गप्प बसायला हवं होतं. तेवढं जमलं असतं तर आज बायको माझ्याशी धड बोलली असती.

तिला एकदा तरी मोकळा वाघ पाहायचा होता. लग्न झाल्यापासून ती हे म्हणत होती आणि तेव्हापासूनच मी "बघू" म्हणत होतो. शेवटी व्याघ्रप्रकल्पात जायचं ठरलं. बरोबर साडू. (साडू प्रत्येक सहलीला सामानाबरोबर येतोच.)

जीप पडक्या राजवाड्यापाशी थांबली. समोर तळं, काठावर नुसत्या कमानी उरलेल्या. गाइड हळूच म्हणाला, "वाघ इथंच पाण्यावर येतो. फक्त आवाज नको."

"ते माझ्यावर सोडा!" मी म्हणालो. अहो, मी वाचनालयात नोकरीला आहे. लोकांना गप्प करणं हाच माझा धंदा. (तिथे माझं कुणी ऐकत नाही, ही गोष्ट वेगळी. एक पेन्शनर आजोबा तर माझ्यासमोर मोठ्यानं पेपर वाचतात.)

मी ड्रायव्हरशेजारच्या सीटवर उलटा, सगळ्यांकडे तोंड करून बसलो. साडूनं वेफर्सचं पाकीट काढलं, मी ओठांवर बोट ठेवलं. गाइड खोकला, त्याच्यावरही डोळे वटारले. सगळे चिडीचूप! आयुष्यात पहिल्यांदा माझा हॉल शांत होता. मला अगदी भरून आलं.

तेवढ्यात बायकोचे डोळे विस्फारले. माझ्या खांद्यावरून कमानीकडे बघत ती जेमतेम पुटपुटली, "अगं बाई!"

वाचनालयात कुणी बोललं की माझा हात आपोआप टेबलावर आपटतो. इथे तो जीपच्या पत्र्यावर आपटला. धाडकन! आणि वर, "शांतता राखा!"

मी वळून पाहिलं तेव्हा कमानीत नुसती धूळ होती.

"दिसला का गं?"

"शेपटी दिसली. बाकी समोर तुमचंच तोंड होतं."

तिचा आवाज ऐकून मला खरंच वाईट वाटलं. परतीच्या वाटेवर कुणी चकार शब्द काढला नाही. साडूनं वेफर्ससुद्धा चघळून खाल्ले. अखेर मीच म्हणालो, "चुकलं माझं. पण इतक्या वर्षांची सवय गं!"

"तेच म्हणतेय मी," बायको म्हणाली. "इतक्या वर्षांत तुमचं ऐकणारा एक निघाला, आणि तोही मला नीट बघू दिला नाहीत!"