यावेळी उपस्थित होते

लोकशाहीत माणूस जन्मतो तो दाखल्यामुळं, पण जगतो तो ‘यावेळी उपस्थित होते’ या ओळीमुळं. ज्याचं नाव या ओळीत नाही, तो कार्यक्रमात पहिल्या रांगेतली खुर्ची अडवून बसला असला तरी तिथं नसतो. (असलाच, तर निदान तसं बोलून दाखवू नये.) ही ओळ भीमेच्या अलीकडं शिरूर आणि पलीकडं दौंड अशा दोन तालुक्यांसाठी वर्षानुवर्षं एकहाती लिहिणारे ज्येष्ठ वार्ताहर आणि लेखक हौसराव यांचा हा अल्पपरिचय.

हौसराव मूळचे मांडवगण फराट्याचे. उमेदीच्या काळात त्यांच्या हातून एक चूक झाली. रस्त्यावरच्या एका मोरीला कठडे नाहीत, अशी त्यांनी बातमी दिली. ती छापून आली. कुणी चकार शब्द काढला नाही. त्याच आठवड्यात व्यायामशाळेच्या उद्घाटनाच्या बातमीत एका माजी उपसरपंचांचं नाव राहिलं, तर सकाळी दारात मोटारसायकलींची रांग लागली. “हौसराव, आमचं काय चुकलं ते तरी सांगा,” असं माजी उपसरपंच इतक्या कळवळून म्हणाले, की हौसरावांना पत्रकारिता म्हणजे काय ते एका दमात कळलं. मोरी आजही तशीच आहे. माजी उपसरपंचांचं नाव मात्र पुन्हा कधी राहिलं नाही.

पुढं त्यांनी या कामाचं शास्त्रच केलं. आधी आजी, मग माजी, मग भावी. महिला सरपंच असतील तर त्यांच्या आधी त्यांचे यजमान. पन्नाशीच्या आतले सगळे ‘युवा नेते’. ज्याला कुठलंच पद नाही तो ‘उद्योजक’, आणि ज्याला उद्योगही नाही तो ‘सामाजिक कार्यकर्ते’. राहिलेले ‘आदी मान्यवर’. (‘आदी’त गेलेल्या माणसाच्या घरात त्या दिवशी नीट स्वयंपाक होत नाही, असं म्हणतात.) हौसरावांच्याच एका पाहणीनुसार शंभरातले नव्व्याण्णव वाचक बातमीत स्वतःचं नाव शोधतात. उरलेला एक चष्मा शोधत असतो.

दुसरी पद्धत वेळेची. आमच्याकडं कार्यक्रम आधी आणि बातमी नंतर, असला शहरी आळस चालत नाही. पेपरचं पान छपाईला लवकर लागतं. म्हणून हौसराव सकाळच्या चहाबरोबरच ‘मोठ्या उत्साहात पार पडला’ असं लिहून बातमी पाठवून देत. मग कार्यक्रमाला त्या बातमीप्रमाणं पार पडावंच लागे. इतक्या वर्षांत एकाही कार्यक्रमानं त्यांना खोटं पाडलं नाही, यावरून तालुक्याची शिस्त दिसते.

असा सगळा सुखाचा संसार चालू असताना त्यांनी पुस्तक लिहिलं. का लिहिलं, हे त्यांच्या पत्नी धुरपदाबाईंनाही कळलं नाही. वर्षानुवर्षं दुसऱ्यांची नावं लिहून पोटात काहीतरी साचलं असावं. छापून आल्यावर त्यांनी प्रती घरोघर वाटल्या. लोकांनी कौतुकानं घेतल्या, शोकेसमध्ये ट्रॉफीशेजारी ठेवल्या, फोटो काढून स्टेटसला लावले. हौसरावांना मात्र एकच आस होती. कुणीतरी एकानं पुस्तक उघडावं आणि आतल्या एखाद्या गोष्टीबद्दल त्यांच्याशी बोलावं. बस्स. त्यासाठी ते फोन हातातून खाली ठेवत नसत. फोन यायचे, पण वाढदिवसाच्या पुरवणीसाठी.

शेवटी प्रकाशन समारंभ ठरला. रविवारी सकाळी अकरा वाजता, केडगावात, स्टेशनजवळच्या हॉलमध्ये. प्रमुख पाहुणे एका कारखान्याचे माजी संचालक आण्णा. हौसरावांनी रिवाजाप्रमाणं चहा घेता घेता बातमी पाठवली: आण्णांचं मौलिक मार्गदर्शन, त्याखाली हारीनं मान्यवर आणि अगदी तळाला पुस्तकाविषयी दोन ओळी.

पण त्याच सकाळी नदीकाठी एका बड्या बागायतदाराचा दशक्रिया विधी होता. आमच्याकडं दशक्रियेला कावळा लवकर शिवतो, श्रद्धांजलीची भाषणं मात्र आवरत नाहीत. आण्णा तिथं गेले, म्हणून सगळे मान्यवर तिथं गेले. आण्णा शेवटी बोलणार, म्हणून कुणाला उठता येईना. इकडं अकरा वाजले, बारा वाजले. हॉलमध्ये हौसराव, धुरपदाबाई, माईकवाला आणि रिकाम्या खुर्च्या. माईकवालाही चहाला म्हणून गेला तो तिकडंच.

एवढ्यात केडगावचेच गेणबा आत आले. मेंढरं विकून आता चार एकर ऊस करणारे, साठीतले, शांत गृहस्थ. जेवण आहे असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. जेवण नव्हतं, पण आलोय तर बसावं म्हणून ते बसले. हौसरावांना राहवेना. त्यांनी पुस्तक उघडलं आणि पहिलं प्रकरण एकट्या गेणबांना वाचून दाखवलं. महापुरात गोठ्यात पाणी शिरतं, म्हातारी गळ्याएवढ्या पाण्यात म्हशीचं दावं विळ्यानं कापते आणि म्हैस अंधारात वाहत्या पाण्याकडं वळते, इथवर. तिथं वीज गेली, अक्षर दिसेना आणि कार्यक्रम मोठ्या उत्साहात पार पडला.

धुरपदाबाई म्हणाल्या, “आवं, बातमी थांबवा की!” पण पाठवलेली बातमी परत मागवणं म्हणजे स्वतःच्या कार्यक्रमावर अविश्वास दाखवणं. हौसराव तत्त्वाचे पक्के.

सोमवारी बातमी आली. मान्यवर सगळे होते. पुस्तकाविषयीच्या दोन ओळी जागेअभावी गेल्या होत्या. फोन सुरू झाले. “काय कार्यक्रम झाला राव!” असं न आलेले एकमेकांच्या वरताण सांगू लागले. आण्णांनी तर “काल जरा जास्तच बोललो का?” असं विनयानं विचारलं. एका युवा नेत्यानं गर्दीमुळं गाडी लावायला जागा मिळाली नसल्याची तक्रार केली. हौसरावांनी प्रत्येकाला विचारून पाहिलं, “पुस्तक चाळलं का?” प्रत्येकजण म्हणाला, “वाचायला घेतलंय.”

दुपारी गेणबा दारात. हातात पेपर. “हौसराव, आमचं नाव न्हाई ह्यात. आमची कारभारीण बानू म्हणती, पेपरात न्हाईस, मंग गेलावतास कुठं? लई बोलती.”

हौसरावांनी त्यांना प्रेमानं बसवलं. “गेणबा, तुम्ही हुता, मला ठावं हाय. पण आता असं बघा, एकटे तुम्हीच हुता म्हणलं तर हे समदे नव्हते असं हुतंय. हे समदे हुते म्हणून छापलंय. म्हंजी तुम्ही नव्हता.”

गेणबांनी विचार केला. युक्तिवादात खोट नव्हती. “मंग नसंन,” ते म्हणाले आणि उठले. उंबऱ्यात थांबले. “पर एक सांगा, त्या म्हशीचं पुढं काय झालं?”

“आदीत घालता आलं तर बघतो,” हौसराव पेपरची घडी करत म्हणाले. गेणबा गेले.

“आवं!” धुरपदाबाई आतून कडाडल्या. “त्यो माणूस म्हशीचं इचारत हुता! तुमच्या पुस्तकातल्या म्हशीचं!”

हौसराव अनवाणी रस्त्यापर्यंत पळाले. गेणबांची एम-एटी पार कालव्याच्या वळणावर पोचली होती. रस्त्यात उभ्या उभ्या हौसरावांना रडू आलं. येणारे-जाणारे थांबून म्हणाले, “झकास झाला बरं का कालचा कार्यक्रम.”

असो. हौसरावांची बायको कोण, गाव कुठलं, पाहुणे कोण, गेणबांना ऊस किती, हे सगळं तुम्ही इथवर आवडीनं वाचलंत. पुस्तकाचं नाव काय, हे काही तुम्ही विचारलं नाहीत. म्हशीचं काय झालं, हेही नाही. काही हरकत नाही. हौसरावांना सांगून ठेवलंय, पुढच्या प्रकाशनाच्या बातमीत तुमचं नाव वरच्या ओळीत येईल. तुम्ही यायची गरज नाही.