पहारा पुन्हा कोण चालू करतं?

माझी नजर घारीची आहे, कान सशाचे आहेत आणि नाकाला बारा महिने सर्दी असते, म्हणून नाकाचा उल्लेख मी कार्डावर केलेला नाही. कार्डावर मोजकंच छापलंय: 'खासगी तपासनीस. अशक्य प्रकरणे स्वीकारली जातील.' त्याखाली माझं नाव, पत्ता आणि फोन. लोक मला पार्सल कचेरीतला कारकून समजतात. समजू देत. दहा ते पाच मी तिथे बसतो ते निव्वळ वेषांतर आहे.

आजवर मी तीन प्रकरणं हाती घेतली. दोन अजून चालू आहेत. तिसऱ्यातल्या अशिलाने आपण होऊन माघार घेतली, कारण त्याचा हरवलेला चष्मा त्याच्याच कपाळावर सापडला. तो आधी मला दिसला होता, पण मी घाईने निष्कर्ष काढत नाही.

चौथं प्रकरण माझ्या सख्ख्या बहिणीच्या घरात घडलं. ताई घरीच मशीनवर भरतकाम करते. रजेच्या दिवशी सकाळी तिचा फोन आला, "अरे, येतोस का जरा? संगणकाने छळ मांडलाय."

मी भिंग खिशात टाकलं आणि निघालो. भिंग ताईच्या सासूबाईंचं. त्यांनी छापखान्यात तीस वर्षं मुद्रितं तपासली. अजूनही औषधाच्या बाटलीसोबतचा कागद त्या दोन्ही बाजूंनी वाचतात. म्हणजे वाचायच्या. भिंग मी उसनं नेल्यापासून वाचत नाहीत आणि माझ्याशी जरा घुश्शातच असतात.

ताईने दारातच प्रकरण सांगितलं. दवाखान्याच्या चाळीस ॲप्रनांच्या खिशांवर नावं भरायची होती. आज पाचच्या आत पोचले तर वर्षभराचं काम तिला मिळणार, नाही तर नाक्यावरच्या दुकानाला. जुनं मशीन परवा बंद पडलं, नवं काल आलं. नव्या मशीनला नावं शिकवायची तर त्याच्याबरोबर आलेला प्रोग्रॅम संगणकावर चढवायला हवा. पण अँटीव्हायरसला तो संशयित वाटतो. चढवायला घेतला की पहिल्याच पायरीला त्याची मानगूट धरून कोठडीत टाकतो.

"मशीनच्या कंपनीतल्या कारागिराला विचारलं," ताई म्हणाली. "तो म्हणाला, प्रोग्रॅम आमचाच आहे, घाबरू नका. अँटीव्हायरसचा चालू पहारा थोडा वेळ बंद करा, प्रोग्रॅम चढवा, मग चालू करा. मी बंद केला. पंचवीस मिनिटांचं काम आहे. पण मधेच कोणीतरी पहारा पुन्हा चालू करतं! दोनदा झालं."

"कोणीतरी," मी म्हणालो आणि भुवई उंचावली. डावी. उजवी मला उंचावता येत नाही.

"चाळीस खिसे, एकाला चार मिनिटं," ताईचा आवाज जरा कापला. "दोनच्या आत मशीन सुरू झालं नाही तर हातचं काम गेलं रे."

ताई रडवेली झाली की मला काही सुचत नाही. म्हणून मी लगेच तपासाला लागलो.

संगणक मधल्या खोलीत, मशीनशेजारी. पडद्याच्या मधोमध अँटीव्हायरसची छत्री: पहारा चालू असला की हिरवी, बंद असला की लाल. खाली उजव्या कोपऱ्यात माझं कार्ड. वर्षापूर्वी कार्डं छापून आली तेव्हा पहिलं मीच तिथे चारही बाजूंनी चिकटपट्टी मारून लावलं होतं. गिऱ्हाईक आलं की पडद्याकडे बघतंच, फुकटात जाहिरात. एका वर्षात एकही फोन आला नाही, यावरून परिसरातली गुन्हेगारी किती घाबरली असेल ते लक्षात यावं.

बारा वाजून पाच मिनिटांनी ताईने पहारा बंद केला. छत्री लाल झाली, प्रोग्रॅम चढू लागला. मी डोळ्यात तेल घालून बसलो. दारातून दाजी डोकावले, "काय मेहुणे, चहा?" मी चहाकडे वळलो, आणि टुंग! छत्री हिरवी. प्रोग्रॅम कोठडीत. मी वहीत लिहिलं: १२.०५ बंद, १२.१५ चालू. संशयित: दाजी.

कारण उघड होतं. दाजींचं बाहेरच्या खोलीत कुलपं-किल्ल्यांचं दुकान आहे. उघडी वस्तू त्यांना बघवत नाही. दार, डबा, नळ, पेनाचं टोपण, दिसलं की बंद. अशा माणसाच्या घरात पहारा बंद, म्हणजे घर उघडं! त्यांना झोप तरी कशी लागेल?

मी कपाट मुद्दाम उघडं टाकून मोजायला लागलो. तीन म्हणायच्या आत दाजींनी ते लावलं.

"सापडलात!" मी ओरडलो.

"कपाट लावलं म्हणून?"

"कपाटाने सुरुवात होते, दाजी. चला."

मी त्यांना अडगळीच्या खोलीत घातलं आणि बाहेरून कुलूप लावलं. १२.३० ला ताईने पुन्हा पहारा बंद केला. चार मिनिटांनी दाजी माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. हातात कुलूप.

"हे बदलून टाका," ते म्हणाले. "अगदीच टुकार आहे. हेअरपिनने उघडलं."

मी त्यांचे दोन्ही हात धरून ठेवले. बरोबर १२.४० ला टुंग! छत्री हिरवी. दाजींचे हात माझ्या हातात होते. एक तर ते निर्दोष होते, नाही तर पायाने फारच हुशार होते. मी पाय तपासले. चपला होत्या.

मग मी कीबोर्डवर टाल्कम पावडर शिंपडली, बोटांचे ठसे घ्यायला. ठसे भरपूर मिळाले, सगळे ताईचे. उरलेली पावडर माझ्या नाकात गेली आणि मला लागोपाठ अकरा शिंका आल्या.

"अरे, एक वाजत आला!" ताई ओरडली. "तू तपास कर, पण थोडा गप्प बसून कर!"

आता मी हुकमी डाव टाकला. १२.५५ ला ताईने पहारा बंद केल्याबरोबर मी कीबोर्ड आणि माऊस दोन्ही उपटून मांडीवर घेतले. खिडकी लावली. दाजींना समोर बसवलं. आता चालू करून दाखव म्हणावं, हिंमत असेल तर!

हिंमत होती. १.०५. टुंग.

मी वही उघडून गंभीर आवाजात वाचलं, "१२.०५ ते १२.१५. १२.३० ते १२.४०. १२.५५ ते १.०५. यावरून एकच गोष्ट सिद्ध होते. गुन्हेगार वेळेचा अत्यंत पक्का आहे. शिस्तीत वाढलेला, बहुधा लष्करातला. चालताना पाय आपटत असावा."

"या घरात वेळेचं पक्कं कोणी नाही," दाजी म्हणाले.

"म्हणूनच तर तो बाहेरचा!"

ताई खुर्चीत मटकन बसली. चाळीस ॲप्रनांचा गठ्ठा मांडीवर घेऊन वरच्या ॲप्रनची घडी उगाचच सारखी करत राहिली. ते मला शिंकांपेक्षा जास्त झोंबलं. मी म्हणालो, "ताई, शेवटची संधी दे."

कीबोर्ड-माऊस परत जोडून १.१५ ला तिने पहारा बंद केला. तेवढ्यात आतून सासूबाई आल्या.

"अहो तपासनीस, माझं भिंग आणा."

"मावशी, तपास ऐन रंगात—"

"सहा महिने रंगातच आहे. आणा." त्यांनी माझ्या खिशात हात घालून भिंग काढलं, डोळ्याला लावलं आणि सवयीने समोर जे होतं ते वाचायला घेतलं. समोर पडदा होता. त्या खाली वाकल्या. "हे काय? कार्डाच्या वर अक्षरांच्या नुसत्या शिरोरेषा डोकावतायत. अर्धी ओळ झाकून कोणी ठेवली?"

"तिथे माझं कार्ड—"

अर्धवट ओळ त्यांना सहन होत नाही. त्यांनी नखाने कोपरा उचलला आणि चर्रकन कार्ड ओढलं. खाली एक छोटी चौकट होती. मावशींनी खणखणीत आवाजात वाचली:

"'चालू पहारा दहा मिनिटांसाठी बंद केला आहे. त्यानंतर तो आपोआप सुरू होईल. वेळ बदलण्यासाठी येथे दाबा.'"

दाजींनी माझ्या पेनाचं टोपण हळूच लावलं.

"दाब गं," मावशी म्हणाल्या. यादी उघडली: दहा मिनिटे, एक तास, मी सांगेपर्यंत. ताईची बोटं शेवटच्याकडे वळली. "ते नको. पहारेकऱ्याला जेवायला पाठवायचंय, नोकरीवरून काढायचं नाही. एक तास कर."

१.४२ ला प्रोग्रॅम चढला. १.५४ ला नव्या मशीनने पहिला टाका घातला आणि ताईने मशीनलाच मिठी मारली. सव्वादोनच्या सुमारास छत्री आपली आपण हिरवी झाली. या वेळी कोणी कोणाला पकडलं नाही.

मी कोपऱ्याकडे बघत होतो. तिथे कार्डाखालून आणखी एक गोष्ट निघाली होती. घड्याळ. तारखेसकट.

"ताई, वर्षभर तुला इथलं घड्याळ दिसत नव्हतं?"

"भिंतीवर आहे की."

"मग कार्ड काढायचं ना!"

"तू एवढ्या हौसेने लावलं होतंस," ताई खिशावरची नजर न काढता म्हणाली. "कसं काढू?"

मी कात्री घेऊन भरलेल्या खिशांवरचे दोरे कातरायला बसलो. चार पस्तीसला चाळिसावा खिसा झाला, पावणेपाचला दाजी आणि मी गठ्ठा घेऊन दवाखान्यात पोचलो. भांडारातल्या बाईंनी एकेक नाव वाचलं आणि पुढचा गठ्ठा सोमवारी न्यायला सांगितलं.

घरी येऊन मी वहीत प्रकरण बंद केलं. कोणी सोडवलं: मावशी. पुढे गुन्हेगाराचं नाव, पत्ता आणि फोन असे तीन रकाने होते. लिहीत बसलो नाही. ताईच्या पडद्यावरून निघालेलं कार्ड तिथे चिकटवून टाकलं.