सॅम्पल बघायला मामासुद्धा

आईला एवढ्यात काही सांगायचं नाही, असं नीरजने ठरवलं आणि तिथेच सगळं फिसकटलं.

नीरज-रसिकाच्या लग्नाला सात वर्षं झाली होती, मूल नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी आता इक्सी ही टेस्ट-ट्यूब बेबीची पद्धत सुचवली होती. गेले दहा दिवस रसिका पोटात इंजेक्शनं घेत होती. उद्या सकाळी तिची बीजं काढायची आणि त्याच वेळी नीरजने सॅम्पल द्यायचं. उद्याचा दिवस हुकला की दहा दिवसांच्या सुया पाण्यात.

"हो, उद्या नऊला सॅम्पल, लक्षात आहे," तो फोनवर म्हणाला. (हळूच म्हणाला, पण खारीतल्या वन-बीएचकेत हळू असं काही नसतं.)

"सॅम्पल फ्लॅट? मेल्या, मला न सांगता घर बघतोयस?" आई, म्हणजे सुचेताबाई, आतून कडाडल्या. "मीपण येणार. दादालाही घेऊ, त्याला बांधकामातलं कळतं."

नीरजने नाही म्हणून बघितलं. शेवटी रसिकाच वैतागून म्हणाली, "येऊ दे त्यांना. माझ्यात भांडायची ताकद नाहीये."

सकाळी आत्माराममामा मोजपट्टी घेऊन हजर. क्लिनिकच्या भिंतीभर बाळांचे फोटो बघून सुचेताबाई खूश झाल्या. "फॅमिली प्रोजेक्ट दिसतोय," त्या म्हणाल्या. रसिकाला आत नेलं, तर त्यांना वाटलं, फॉर्म भरायला गेली.

तेवढ्यात नर्स आली. "सॅम्पल किसका है?"

मामा नीरजच्या आधी उठले. "चल, मापं मी घेतो."

"अकेले जाना है," नर्स म्हणाली.

"त्याला एकट्याला काय कळतंय?"

नीरज पळत खोलीत शिरला आणि कडी लावली. दारावर मामांची टकटक झाली. "नीरज, कार्पेट एरिया विचार रे. आणि घाई करू नकोस."

अशा परिस्थितीत माणसाने काय करावं? पाऊण तासाने नीरज घामाघूम होऊन बाहेर आला.

"आवडलं का?" मामांनी विचारलं.

नीरजचा बांध फुटला. त्याने सगळं सांगून टाकलं. मामांनी मोजपट्टी गुपचूप खिशात घातली. सुचेताबाईंचे डोळे भरून आले. "पोरीने एकटीने सोसलं आणि मी घरं बघत बसले," असं म्हणत त्या तडक रसिकाच्या खाटेपाशी गेल्या.

डॉक्टरीणबाईंनी त्यांना समजावलं, "नीरजचे शुक्राणू कमी आहेत आणि जरा मंद आहेत. आपणहून बीजात शिरत नाहीत. म्हणून आम्ही एकेक चांगला निवडतो आणि सुईने आत नेऊन सोडतो."

सुचेताबाईंनी मान डोलावली. "बरोबर आहे. बालवाडीतसुद्धा ह्याला मीच उचलून आत सोडायचे."