बिनकाचेची गाडी

शेजारच्या हमीदचाचांकडे कॉम्प्युटर आला आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी त्याचा टीव्हीसारखा दिसणारा भाग, म्हणजे मॉनिटर, मला देऊन टाकला.

“घेऊन जा गो पोरी. टेबलावर जागा अडवून बसलाय फुकटचा.”

“अहो चाचा, पण त्याच्याशिवाय ते चालतं का?”

“काच नसली तर गाडी थांबते काय?”

चाचांना दिसत नव्हतं. तरुणपणी त्यांनी आंबेनळी घाटात मालाचा ट्रक चालवला. पुढे काचबिंदूनं दोन्ही डोळे नेले. ट्रक सुटला, पण जिभेवरून उतरला नाही. बायको वारलेली, मुलगी मुंब्र्याला दिलेली, मुलगा आसिफ कुवेतला. त्यानंच एका ऑफिसात वापरलेला कॉम्प्युटरचा हा लहानसा खोका सुट्टीवर येताना बॅगेतून आणला होता आणि मॉनिटर इथं महाडात घेऊन दिला होता. मुंबईला अंधांच्या वर्गात जाऊन चाचा बोटांनी टाइप करायला शिकून आले. खोक्यात एक सोय होती. पडद्यावर जे उमटेल ते एक माणूस इंग्रजाच्या आवाजात मोठ्यानं वाचून दाखवायचा. चाचा त्याला ‘साहेब’ म्हणत.

मॉनिटर मी फडताळावर ठेवला, त्यावर विणलेला रुमाल टाकला आणि वर प्लॅस्टिकच्या फुलांची कुंडी ठेवली. आमच्याकडे टीव्ही नव्हता. आलेल्या बायकांना टीव्ही असल्यासारखं तरी वाटायचं.

मी बीडकडची. सातवीत शाळा सुटली आणि लग्न होऊन थेट महाडला आले. नवरा एमआयडीसीत शिफ्टला. इथल्या सगळ्याचीच मला भीती वाटायची: दिवसभराचा हायवेचा आवाज, सावित्री नदीचं पाणी, लोकांचं भरभर बोलणं. त्यात एकदा तिन्हीसांजेला बघते, तर चाचांच्या घरात काळोख आणि आत कुणीतरी जोरजोरात इंग्रजी बोलतंय. मी पळत येऊन नवऱ्याला म्हणाले, “चाचांकडे चोर शिरलेत. आणि शिकलेले आहेत.”

नवरा काठी घेऊन गेला आणि हसत हसत चहा पिऊन आला. चाचांना दिवा लावायची गरज नव्हती, एवढंच. दुसऱ्या दिवसापासून मात्र त्यांनी संध्याकाळी बल्ब लावायला सुरुवात केली. विचारलं तर म्हणाले, “समोरनं येणाऱ्याला दिसायला पायजे ना गो. आपल्याला नसंना का दिसत.”

तेव्हापासून ते घर मला माझं वाटायला लागलं. आमच्या दोन खोल्यांत भिंत एकच. मी गप्पगप्प आहे असं वाटलं की चाचा पलीकडून बोटांनी टकटक करत. “हॉर्न दिला गो, ये चहाला.” माझ्या आईला गावच्या पीसीओवर बोलवून घेऊन त्यांच्या फोनवरून बोलायला लावत. आणि मी बोलायला लागले की स्वतः उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसत.

कॉम्प्युटर सुरू करणं हा एक सोहळा होता. बटण दाबलं की आतला पंखा घुमायचा. “इंजिन लागलं.” मग साहेब बोलायला लागेपर्यंत थोडा वेळ जायचा. तेवढ्यात मी कप जरी वाजवला तरी चाचा हात वर करत. “वळण हाय. गप.” खोक्याला कान लावून बसत. आतून पहिला शब्द आला की श्वास सोडत. “आला वर.”

आसिफला ते रोज मेल लिहीत, इंग्रजी अक्षरांत मराठी. साहेबाला मराठीचा गंध नाही. तो ‘भाकरी’ला ‘बॅक्री’ म्हणायचा, ‘पोलादपूर’ तर त्यानं कधी दोनदा सारखं म्हटलं नाही. मी तोंडाला पदर लावायची. चाचा म्हणत, “परमुलखातला डायवर हाय. गावांची नावं चुकतो, पण माल पोचवतो.”

एका वर्षी आसिफचा मेल आला: सुट्टीवर येतोय, अब्बांना मुंब्र्याला बहिणीकडे ठेवून जाणार. एकट्यानं किती दिवस राहायचं? चाचांनी उलट लिहिलं: ये, मी कसा राहतो ते बघ, मग बोल.

चाचांनी जाऊ नये असं मला वाटत होतं. पण मी कोण सांगणार? परकी ती परकीच.

आसिफ यायचा त्या सकाळी भिंतीवर टकटक झाली, पण नेहमीची नाही, भराभरा. गेले तर चाचा घामानं भिजलेले. पोरगा येणार म्हणून त्यांनी घर धुऊन काढलं होतं. कॉम्प्युटरच्या सगळ्या वायरी काढून खोका पुसला होता आणि चाचपून पुन्हा जोडला होता. आता पंखा घुमत होता आणि साहेब मुका.

“परत परत चालू केला. वळणावरच बंद पडतोय. ती काच आण गो माझी.”

मी फुलं उतरवली, रुमाल काढला आणि तो जड मॉनिटर छातीशी धरून घेऊन आले. चाचांनीच हातानं वायर जोडली. काळ्या पडद्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं उमटली.

“वाच.”

“चाचा, मला इंग्रजी येत नाही.”

“अक्षरं येतात ना? नंबरप्लेट वाचतेस तशी वाच.”

मी एकेक अक्षर वाचायला लागले. के, ई, वाय, बी... चाचा ओठातल्या ओठात जुळवत होते.

“कीबोर्ड नाय म्हणतोय. मग माझ्या मांडीवर काय पाटा हाय? पुढं वाच.”

पुढची अक्षरं जुळवून ते म्हणाले, “बघ. कीबोर्ड नाय म्हणतो, आणि वर कीबोर्डाचंच बटण दाबा म्हणतो. शेवटी साहेब तो साहेबच.”

ते पुन्हा वायरी चाचपायला लागले. मी खोक्याच्या मागे वाकून बघितलं. दोन गोल भोकं शेजारी शेजारी, अगदी जुळी. एक जांभळं, एक हिरवं. कीबोर्डाच्या वायरचं टोक जांभळं, आणि ते बसलं होतं हिरव्यात.

“रंग चुकलाय, चाचा.”

त्यांनी वायर उपसून दोन्ही भोकं चाचपली. मग म्हणाले, “हाताला दोन्ही सारखीच लागली गो.”

वायर बदलली, बटण दाबलं, साहेब बोलला. “आला वर” म्हणायलाही चाचा थांबले नाहीत. “काच ने लवकर. आसिफनं बघितली तर म्हणेल, अब्बा दुसऱ्याच्या डोळ्यानं चालवतात.”

आसिफ दुपारी आला. उंच, गप्प माणूस. मी चहा घेऊन गेले तेव्हा बापलेक समोरासमोर बसले होते.

“तब्येत?”

“बरी. तुझी?”

“बरी. जेवलात?”

“जेवलो.”

एवढ्यावर बोलणं संपलं. दोघं पंख्याचा आवाज ऐकत बसले. शेवटी आसिफ म्हणाला, “अब्बा, चला मुंब्र्याला. इथं काही झालं तर कोण आहे?”

चाचांनी खुर्ची वळवली आणि टाइप करायला लागले. बराच वेळ बोटं चालली. मग साहेब पत्र्यावर गारा पडाव्यात तसा भडाभडा बोलून मोकळा झाला.

“काय कळलं नाही, अब्बा. किती फास्ट लावलाय.”

चाचांनी बटणं दाबून साहेबाला हळू केलं. मग तो इंग्रज, एकेक शब्द चुकवत, आसिफला सांगायला लागला. मेल ऐकून ऐकून मला त्याचं मराठी कळायला लागलं होतं.

“आसिफ, तू इथं राहायचास तेव्हा आपण दोघं बोलत नव्हतो. मला जमत नव्हतं, तुलाही. तिकडे गेलास आणि तू लिहायला लागलास. डाळ करपली ते लिहितोस. ताप आला ते लिहितोस. अम्मी स्वप्नात आली ते लिहिलंस. मुंब्र्याच्या खोलीत खोका ठेवायला जागा नाही. तू ताईला फोन करशील, अब्बा बरे आहेत ना विचारशील, आणि ठेवशील. मला इथं राहू दे.”

साहेबानं ‘स्वप्नात’ला काहीतरी भलतंच म्हटलं होतं. कुणी हसलं नाही.

मी कप गोळा करायला लागले. आसिफ खुर्ची ओढत बापाजवळ सरकला, अगदी गुडघ्याला गुडघा लागेपर्यंत. त्यानं कीबोर्ड आपल्याकडे ओढला आणि एका बोटानं अक्षरं शोधत बसला. चाचा खोक्याला कान लावून थांबले होते. मी उंबऱ्यात पोचले तेव्हा साहेब बोलला.

“राहा अब्बा. रोज लिहा. मी पण तिकडे एकटाच आहे.”