कैलासवासी इसमाचा हप्ता

सन १९५४ च्या एका मंगळवारी, वर्ध्याच्या एका कचेरीतले कारकून कृष्णकांतराव परसात दात घासत असताना एका कावळ्याने त्यांच्या डोक्यावर पंख मारला. बाब गंभीर होती. असा माणूस फार दिवस काढत नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, आणि त्यावरचा उताराही ठाऊक असतो. जवळच्या माणसाकडे आपल्या मरणाची खोटी खबर धाडायची. तो मनापासून रडला की मरण टळतं. मग खरं सांगून त्याला चहा पाजायचा.

अडचण मनापासून रडणाऱ्याची होती. कृष्णकांतराव आणि त्यांची बायको शरयू यांनी एकेक नातेवाईक तपासून पाहिला. थोरल्या भावाशी बोलणं बंद होतं. कारंज्याची बहीण रडली असती, पण तिला रडायला कारण लागतच नसे, त्यामुळे त्या रडण्याचा गुण येईल याची खात्री नव्हती. शेवटी शरयूच म्हणाली, "त्या प्रभाकररावाले धाडा ना खबर. तुमी मेले तर त्याच्याइतकं वाईट कोनाले वाटन?"

प्रभाकरराव म्हणजे अक्षयछत्र विमा कंपनीचे एजंट. नवरा गेला तर बायकोला दोन हजार रुपये, अशा बोलीवर त्यांनीच कृष्णकांतरावांचा विमा उतरवला होता. गिऱ्हाईक मेलं की हप्ता बंद आणि हप्ता बंद म्हणजे कमिशन बंद. म्हणून ते येता-जाता कृष्णकांतरावांच्या तब्येतीची अशी चौकशी करत की सख्ख्या भावाने करू नये.

खबर पोचली. प्रभाकरराव भर बाजारात बसकण मारून ढसाढसा रडले. उतारा लागू पडला. पण गृहस्थ नुसते हळवे नव्हते, कर्तव्यदक्षही होते. डोळे पुसण्याआधी त्यांनी कंपनीला तार केली.

पुढचा हप्ता भरायला कृष्णकांतराव स्वतः शाखेत गेले, तेव्हा शाखाधिकाऱ्यांनी उभं राहून त्यांच्या निधनाबद्दल दुःख व्यक्त केलं आणि पैसे परत केले. मृत इसमाकडून हप्ता घेता येत नव्हता. आपण जिवंत आहोत असं त्यांनी सांगितल्यावर साहेब म्हणाले, ते दिसतंच आहे, पण दिसण्यावर कंपनी चालत नाही. मग बायकोला रक्कम तरी द्या, असं म्हणताच साहेबांनी अंत्यविधीचा दाखला मागितला.

"म्हंजे साहेब, मी आहो का नाई?"

"हप्त्यापुरते नाही. दाव्यापुरते आहात," साहेब शांतपणे म्हणाले. "आपल्यापुढे दोन पर्याय आहेत. एक, रीतसर मरावं. तो सोपा. दुसरा, नव्याने विमा उतरवावा."

कृष्णकांतरावांनी अवघड पर्याय निवडला. कंपनीच्या डॉक्टरांनी छाती ठोकून पाहिली, जीभ पाहिली. सगळं उत्तम निघालं. मग त्यांनी पूर्वीचं दुखणं विचारलं. कृष्णकांतराव सरळमार्गी, त्यांनी घडलं ते सांगितलं. डॉक्टरांनी शेरा मारला, 'प्रकृती निकोप. यापूर्वी एकदा मृत.' ज्याला मरायची सवय लागली आहे अशाचा विमा कोणती शहाणी कंपनी उतरवेल? साहेबांनी खेदपूर्वक नकार दिला. प्रभाकरराव पुन्हा रडले, यावेळी कुणी न सांगता.

घरी येऊन कृष्णकांतरावांनी बायकोला सगळं सांगितलं.

"आता तुमाले मरता येत नाई, सांगून ठेवते," ती म्हणाली. "तुमच्यामागं मी काय खाऊ?"

त्या दिवसापासून घरची शिस्त बदलली. सायकलला कुलूप लागलं. भाजीवरची तर्री काढून वाढली जाऊ लागली. उन्हात निघाले की खिशात कांदा आणि डोक्यावर ओला दुपट्टा. रोज संध्याकाळी ती रस्त्यावर उभी राहून वाट बघू लागली. कृष्णकांतरावांना गहिवरून आलं. लग्नाला बारा वर्षं झाली, पण एवढी माया कधी वाट्याला आली नव्हती.

मग हळूहळू एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. विमा चालू होता तोवर हीच बाई त्यांना वैशाखातल्या भर दुपारी गिरणीवर पिटाळत असे, आणि परत आल्यावर गरम भजी पुढे करत असे. त्यांना राग आला नाही. भीती मात्र वाटली, आणि तीही मागच्या वर्षांची.

वाचकहो, हसून झालं असेल तर एवढंच करा. आज जेवताना कुणी फारच आग्रह करून पानात तुपाची धार धरली, तर पहिला घास घेण्याआधी आपला हप्ता भरलेला आहे की काय, ते आठवून बघा.